गिअरचं माप नेमकं कुठे असतं?

गोव्यात फोंड्याच्या बाजारात उसाच्या रसाच्या गाड्याशी उभं राहिलो की माझं लक्ष ग्लासाकडे कमी आणि यंत्राच्या बाजूला जास्त असतं. रस काढणारा पहिल्या फेरीत ऊस सरळ घालतो. मग चिपाड दुमडतो, मध्ये लिंबाची फोड आणि आल्याचा तुकडा खुपसतो आणि पुन्हा घालतो. जाड चिपाड शिरलं की रोलर किंचित मागे सरकतो. शेवटच्या फेरीआधी तो पेच आवळतो आणि रोलर जवळ येतात. या रोलरांच्या टोकांना दोन सारखे गिअर एकमेकांत अडकलेले असतात. रोलर लांब गेले की दाते कमी खोल अडकतात, जवळ आले की जास्त खोल. तरीही दोन्ही रोलर फेरीला फेरी सारखेच फिरतात.

हे कसं जमतं? या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की गिअरची बरीचशी भूमिती कळते. मी बेतोड्याला मिलिंग मशीनवर गिअर कापतो. आयटीआयमधून आलेल्या मुलांना मी हा विषय ज्या क्रमाने सांगतो, त्याच क्रमाने इथे सांगतो.

सुरुवातीला दाते विसरा. टेबलावर दहा रुपयांची दोन नाणी कडेला कड लावून ठेवा आणि एक फिरवा. घसरलं नाही तर दुसरं उलट दिशेने तितकंच फिरेल. एक चकती दुसरीच्या दुप्पट व्यासाची असेल, तर लहान चकतीच्या दोन फेऱ्यांत मोठीची एक होईल. मुळात गिअरची जोडी म्हणजे अशा दोन गुळगुळीत चकत्याच. फक्त जोर लागला की चकत्या घसरतात, म्हणून कडेवर दाते कापायचे. दात्याचा काही भाग चकतीच्या कडेबाहेर वाढवायचा आणि काही भाग कडेच्या आत कोरायचा.

आता त्या मूळ चकतीची कड कुठे गेली? ती दात्याच्या साधारण मधून जाते, पण धातूवर ती कुठेच उमटलेली नसते. ना व्हर्नियरच्या जबड्यात सापडते, ना बोटाला लागते. या वर्तुळाला पिच सर्कल म्हणतात आणि त्याच्या व्यासाला पिच व्यास. गिअरची सगळी मापं या न दिसणाऱ्या वर्तुळावरून निघतात. नवा माणूस चुकतो तो इथेच. तो बाहेरचा व्यास मोजतो, कारण तो हाताला लागतो, आणि तेच गिअरचं माप समजतो.

पिच व्यास घ्या आणि त्याला दात्यांच्या संख्येने भागा. जो आकडा येतो तो मॉड्यूल. म्हणजे व्यासातला प्रत्येक दात्याच्या वाट्याला आलेला हिस्सा. पिच व्यास ७२ मिमी आणि दाते २४ असतील तर मॉड्यूल ३.

मुलं विचारतात, दाते तर परिघावर असतात, मग परिघ सोडून व्यास का भागायचा? फार चांगला प्रश्न आहे. परिघ भागला तर एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचं अंतर मिळतं. ते मॉड्यूल गुणिले पाय (π, साधारण ३.१४) एवढं असतं, मॉड्यूल ३ ला ९.४२ मिमी. हे अंतर सरळ आकडा ठेवायचं म्हटलं, तर पाय व्यासात जाऊन बसतो आणि दोन शाफ्टमधलं अंतर अपूर्णांकात येतं. ड्रिलिंग करणाऱ्याला शाफ्टची भोकं तर सरळ मापावर हवी असतात. व्यास भागला की पाय दात्यांच्या अंतरात राहतो, जिथे तो कुणाला अडत नाही, आणि शाफ्टमधलं अंतर सुटसुटीत येतं. २४ दात्यांच्या गिअरला ४८ दात्यांचा जोडीदार दिला, तर पिच व्यास ७२ आणि १४४, आणि शाफ्टमधलं अंतर त्यांच्या बेरजेच्या निम्मं, म्हणजे नेमकं १०८ मिमी.

जोडीतल्या दोन्ही गिअरचा मॉड्यूल एकच असावा लागतो. दाते किती का असेनात. बाजारात मॉड्यूल ठरावीक मिळतात: १, १.२५, १.५, २, २.५, ३, ४, ५, ६, ८, १० आणि पुढे. कटर याच मापांत येतात, म्हणून कुणी मॉड्यूल ३.१ चा गिअर मागितला तर आधी आपली मोजणी तपासावी.

दात्याची उंचीही मॉड्यूलवरूनच ठरते. पिच सर्कलच्या बाहेर दाता एक मॉड्यूल वर येतो, आत सव्वा मॉड्यूल खाली जातो. बाहेरच्या भागाला अॅडेंडम म्हणतात, आतल्याला डिडेंडम. म्हणजे बाहेरचा व्यास हा पिच व्यासापेक्षा दोन मॉड्यूलने मोठा. तोंडपाठ करायचं ते एवढंच: दाते अधिक दोन, गुणिले मॉड्यूल. आपल्या २४ दात्यांना २६ गुणिले ३, म्हणजे ७८ मिमीचा ब्लँक (दाते कापण्याआधीची गोल चकती) लेथवर टर्न करायचा. कापायची खोली सव्वादोन मॉड्यूल, म्हणजे ६.७५ मिमी. मुळाशी ६४.५ मिमी व्यास उरतो.

वर एक आणि खाली सव्वा, असा फरक का? समोरच्या दात्याचं टोक आपल्या गाळ्याच्या, म्हणजे दोन दात्यांमधल्या खाचेच्या, तळाला टेकू नये म्हणून. तो जास्तीचा पाव मॉड्यूल तेलासाठी आणि आत शिरलेल्या कचऱ्यासाठी राखलेली जागा आहे. आपल्याकडे खाणपट्ट्यातली लाल धूळ कुठे शिरत नाही? तळाला टेकलेला दाता शाफ्टला बाहेर ढकलतो, मग बेअरिंग गरम होतं आणि सगळे बेअरिंगलाच दोष देतात.

बाजूची ढील वेगळी. तिला बॅकलॅश म्हणतात. दाता गाळ्यात अगदी घट्ट बसला तर तापल्यावर फुगून अडकेल, म्हणून दोन दात्यांच्या बाजूंमध्ये थोडी फट लागते. लेथचे चेंज गिअर लावताना जुने कारागीर दात्यांमध्ये कागदाची पट्टी घालून गिअर दाबून बसवतात, नट आवळतात आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढतात. कागदाइतकी फट राहते. पट्टी फाटली तर बसवणी घट्ट झाली. सगळ्या घड्या सारख्या उमटल्या तर काम झालं.

इथवर सगळं बेरीज-गुणाकाराचं होतं. आता दात्याच्या आकाराकडे येऊ. माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे.

दात्याची बाजू सरळ का नसते, तिला फुगीर बाक का असतो? अंगणात एक गोल खांब आहे असं धरा. त्याला काथ्याची दोरी गुंडाळा, मोकळ्या टोकाला खडू बांधा आणि दोरी ताठ ठेवून हळूहळू उलगडत जा. खडू जमिनीवर जी बाहेर बाहेर उघडत जाणारी रेघ काढतो, तिला इन्व्होल्यूट म्हणतात. आज कारखान्यांत वापरले जाणारे बहुतेक सगळे गिअर याच रेघेवर कापलेले असतात. दात्यांना ही वक्ररेषा द्यावी असा विचार अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने मांडला होता. ज्या खांबावरून दोरी उलगडली ते बेस सर्कल. पिच सर्कलप्रमाणे तेही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

आता एकाच्या जागी दोन खांब घ्या आणि दोन्ही फिरते आहेत असं समजा. एकावरची दोरी तिरकी जाऊन दुसऱ्यावर उलट बाजूने गुंडाळली जाते, पिठाच्या गिरणीचा पट्टा मध्ये फुली मारून चढवावा तशी. एक खांब फिरला की तो दोरी ओढतो आणि दुसरा फिरतो. दोरीवर मध्ये एक गाठ मारा. खांब फिरताना ती गाठ सरळ रेषेत सरकते. पण पहिल्या खांबाबरोबर फिरणाऱ्या पुठ्ठ्यावर ती गाठ एक इन्व्होल्यूट काढते आणि दुसऱ्याबरोबर फिरणाऱ्या पुठ्ठ्यावर दुसरा. हे दोन इन्व्होल्यूट म्हणजेच एकमेकांना टेकलेल्या दोन दात्यांच्या बाजू, आणि गाठ म्हणजे त्यांचा स्पर्शबिंदू. दाते एकमेकांना ढकलतात ते त्या दोरीच्या रेषेतच.

आता दोन्ही खांब एकमेकांपासून थोडे लांब करा. दोरीचा तिरकेपणा बदलेल. पण खांबांची जाडी बदलली का? नाही. एका खांबाच्या एका फेरीत जेवढी दोरी सुटते तेवढीच दुसरा ओढतो, आणि ती खांबांच्या जाडीवर ठरते, खांबांमधल्या अंतरावर नाही. म्हणूनच रसाच्या गाड्यावर रोलर लांब झाले तरी फेऱ्यांचं प्रमाण बदलत नाही. त्या यंत्राचे दाते कितीही ओबडधोबड ओतलेले असले तरी त्यांच्यामागचं तत्त्व हेच. मर्यादा मात्र आहे. एक जोडी सुटायच्या आत पुढची जोडी टेकलेली असली पाहिजे. अंतर फार वाढलं तर मधल्या क्षणी कुणीच कुणाला धरत नाही आणि दाते एकमेकांवर आपटू लागतात.

दोरीच्या या तिरकेपणाला प्रेशर अँगल म्हणतात. आज सर्रास २० अंश वापरतात, जुन्या यंत्रांत साडेचौदा अंशही सापडतो. २० अंशाचा दाता बुडाशी रुंद आणि मजबूत असतो. २० अंशाच्या गिअरचं बेस सर्कल पिच व्यासाच्या सुमारे ९४ टक्के भरतं, ७२ मिमीला ६७.६६. मॉड्यूल सारखा असूनही एकाचा कोन २० आणि दुसऱ्याचा साडेचौदा असेल, तर ती जोडी जमत नाही.

दाते फार कमी असले तर वेगळी अडचण येते. २० अंशाला १७ पेक्षा कमी दाते नेहमीच्या रीतीने हॉबवर (दाते कापणाऱ्या फिरत्या हत्यारावर) कापले, तर हत्यार दात्याचं बूड पोखरतं आणि दाता मानेशी बारीक होतो. ते टाळायला हत्यार थोडं बाहेर सरकवून कापतात. अशा पिनियनचा (जोडीतल्या लहान गिअरला पिनियन म्हणतात) बाहेरचा व्यास ‘दाते अधिक दोन’च्या हिशोबापेक्षा मोठा येतो. बारा-तेरा दात्यांचं पिनियन मोजताना हिशोब जुळला नाही, तर लगेच मोजणी चुकली असं समजू नका.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण मापांचा खरा अर्थ मला तिच्यामुळे कळला.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि ट्रॉलरची सगळी दुरुस्ती त्याच दोन महिन्यांत उरकायची असते. मालीम जेटीवरून एक तांडेल विंचचं, म्हणजे जाळं ओढायच्या यंत्राचं, पिनियन घेऊन आला. मूळचा मालवणकडचा. म्हणाला, "मेस्ता, ह्याच्यासारखो दुसरो करून दी." दाते २०. खाऱ्या पाण्याने आणि वर्षानुवर्षांच्या कामाने टोकं खाल्लेली. मी बाहेरचा व्यास घेतला, ११० मिमीच्या आसपास. २० अधिक २ म्हणजे २२, आणि ११० भागिले २२ म्हणजे बरोबर ५. मॉड्यूल ५! आकडा इतका सरळ आला की शंका घ्यायला जागाच वाटली नाही. ईएन ८ पोलादाचा ब्लँक टर्न केला, १७ ते २० दात्यांसाठीचा कटर लावला. डिव्हायडिंग हेडची मूठ चाळीस फेऱ्या फिरली की जॉब एक फेरी फिरतो, म्हणून २० दात्यांना प्रत्येकी दोन पूर्ण फेऱ्या. सोपं काम. संध्याकाळपर्यंत पिनियन तयार.

तिसऱ्या दिवशी तांडेल परत आला. विंच करकरत होतं, दोन दात्यांच्या कडा उडाल्या होत्या. बाकीच्या दात्यांवर एका कडेला चमकती रेघ होती, म्हणजे दाता बाजूने टेकतच नव्हता, टोकाने ठोकत होता.

ते पिनियन मॉड्यूलचं नव्हतंच, इंची होतं. इंची पद्धतीत मॉड्यूलऐवजी डायमेट्रल पिच असतो, वर्कशॉपच्या भाषेत डीपी. तो उलटा चालतो: दाते भागिले इंचातला पिच व्यास. म्हणून डीपीचा आकडा जितका मोठा तितका दाता लहान. २५.४ ला डीपीने भागलं की मॉड्यूल मिळतो. डीपी ५ म्हणजे मॉड्यूल ५.०८. असं पिनियन नवं असताना बाहेरून २२ भागिले ५ इंच, म्हणजे १११.७६ मिमी असतं. टोकं झिजून ते ११० ला आलं होतं आणि मी झिजेलाच माप समजलो.

५ आणि ५.०८ मध्ये फरक तो किती! पण दात्यामागून दाता येतो. लगतच्या दोन दात्यांच्या एकाच बाजूंमधलं अंतर त्या दोरीच्या रेषेवर मोजलं, तर २० अंशाला मॉड्यूलच्या २.९५२ पट येतं. मॉड्यूल ५ ला १४.७६ मिमी, डीपी ५ ला १५.०० मिमी. जवळपास पाव मिलिमीटरचा फरक, आणि तो प्रत्येक दात्याला. पुढचा दाता वेळेवर येत नाही, आपटतो.

मग झिजलेल्या गिअरचं खरं माप काढायचं कसं? एक उत्तम युक्ती आहे, माझ्या गुरूने शिकवलेली. व्हर्नियरच्या जबड्यांत सलग दोन दाते धरा आणि बाहेरून बाहेरचं माप घ्या. मग तीन दाते धरा आणि तेच करा. जबडे दात्याच्या टोकाला किंवा बुडाला नव्हे, फुगीर बाजूवर टेकले पाहिजेत. त्या जुन्या पिनियनवर मला २३.५२ आणि ३८.५० मिळाले. वजाबाकी १४.९८. दोन्ही मापांत झीज जवळजवळ सारखीच धरलेली असते, म्हणून वजाबाकीत ती कटते. उरतं ते दात्यांचं मूळ अंतर. १४.९८ हे १५.०० ला भिडतं, १४.७६ ला नाही. साडेचौदा अंशाचं डीपी ५ असतं तर १५.४५ आलं असतं. एका वजाबाकीत मॉड्यूलही कळतो आणि कोनही. दाते जास्त असले तर जबड्यात जास्त दाते धरायचे, साधारण दर नऊ दात्यांमागे एक आणि वर अर्धा, या हिशोबाने.

अजून दोन मोजण्या मी आता कधीही चुकवत नाही. दात्यांची संख्या विषम असेल तर समोरासमोर दाता आणि गाळा येतात, म्हणून व्हर्नियर बाहेरचा व्यास कमी दाखवतो. अशा वेळी बोअरच्या (गिअरच्या मधल्या भोकाच्या) कडेपासून दात्याच्या टोकापर्यंत मोजावं, दुप्पट करावं आणि त्यात बोअरचा व्यास मिळवावा. दुसरी मोजणी यंत्रावर जाऊन करायची: दोन शाफ्टमधलं अंतर. दाते झिजतात, शाफ्टची भोकं जागची हलत नाहीत. खरं तर सगळ्यात भरवशाचा साक्षीदार तोच आहे आणि मी त्याला विचारलंच नव्हतं.

तिरके दाते असले तर हाच हिशोब थोडा बदलतो. हेलिकल गिअरमध्ये मॉड्यूल दात्याला काटकोनात मोजतात, म्हणून पिच व्यास काढताना तिरकेपणाच्या कोनाच्या कोसाइनने भागावं लागतं. व्यास मोजून थेट मॉड्यूल काढायला गेलात तर ३.१९ सारखा विचित्र आकडा येतो आणि माणूस बुचकळ्यात पडतो. ३ ला २० अंशाच्या कोसाइनने भागलं की तोच आकडा मिळतो. बेव्हल आणि वर्म या प्रकारच्या गिअरची भूमिती आणखी वेगळी आहे, ती या लेखात कोंबत नाही.

पिनियन दुसऱ्यांदा कापण्याआधी मी मालीमला गेलो. विंचवर मोठं चाक ६० दात्यांचं होतं. म्हणजे पिनियनच्या तीन फेऱ्यांत चाकाची एक, आणि पिनियनचा प्रत्येक दाता कायम चाकाच्या त्याच तीन दात्यांना भेटणार. माझ्या चुकीच्या पिनियनचे जे दोन दाते फुटले, त्यांनी चाकाच्या नेमक्या सहा दात्यांवर ओरखडे काढले होते. मोजून पाहिले, सहाच निघाले. सुदैवाने वरवरचे होते, कानशीने साफ झाले. मग शाफ्टमधलं अंतर घेतलं: २०३.२ मिमी. २० आणि ६० मिळून ८०, त्याच्या निम्मे ४०, आणि २०३.२ भागिले ४० म्हणजे ५.०८. इंचात तर आकडा आणखी बोलका होता, बरोबर आठ इंच.

डीपी ५ चा कटर माझ्याकडे नव्हता, ओळखीच्या एका कारागिराकडून उसना आणला. पिनियन पुन्हा कापलं, पैसे एकाच कामाचे घेतले. बसवायला तांडेलाबरोबर मीही डेकवर उतरलो. कालच्या वर्तमानपत्राची पट्टी फाडून दात्यांत घातली, विंच हाताने फिरवलं. पट्टी दुसऱ्या बाजूने बाहेर आली तेव्हा घड्या अगदी एकसारख्या होत्या, शाळेतली मुलं कागदाचा पंखा करतात तशा. तांडेलाने ती उजेडात धरून पाहिली, नीट दुमडली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.